ओले गमबूट आणि लाल नांगी: इंग्लंडच्या नदीकाठी क्रेफिश दिसला तर काय करायचं

मी मूळची कुडाळची. पावसाळ्यात व्हाळातल्या दगडाखाली हात घालून कुर्ल्या काढणं आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ते येतंच. त्यामुळे लीड्सला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात ग्रासिंग्टनजवळ व्हार्फ नदीत लेकाने दगड उलटला आणि खालून बोटभर लांबीचं, नांग्या उगारलेलं, शेवंडीच्या पिल्लासारखं काहीतरी निघालं, तेव्हा त्याच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला. बादलीत घालून अर्धा तास बघितलं, फोटो काढले, मग "बिचाऱ्याला घरी जाऊ दे" म्हणून पाण्यात सोडून दिलं. तो होता क्रेफिश, शेवंडीचा गोड्या पाण्यातला भाऊबंद. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गमबूट, तीच जाळी घेऊन आम्ही घराजवळच्या मीनवुड बेक या ओढ्यावर गेलो. बूट आतून ओलेच होते, हे मला नीट आठवतं, कारण लेकाची त्यावरून कुरकुर चालली होती.

त्या दोन दिवसांत मी दोन चुका केल्या. पहिली कायद्याने गुन्हा होती. दुसरीवर कुणी मला दंड केला नसता, पण ती पहिलीपेक्षा कितीतरी मोठी होती. नदी साफ करायच्या एका श्रमदानात एका वयस्कर बाईंनी मला हे समजावलं. पुढची सहा वर्षं मी त्यांच्याच गटाबरोबर नदीवर जाते आहे. ब्रिटनमधल्या मराठी ग्रुपवर दर उन्हाळ्यात "हे काय सापडलं? खातात का?" असे फोटो येतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

आधी भानगड काय आहे ते

इंग्लंडचा स्वतःचा क्रेफिश एकच: पांढऱ्या नांगीचा क्रेफिश. आकाराने लहान, स्वभावाने भित्रा, स्वच्छ आणि चुनखडीच्या पाण्यात रमणारा. डोक्यापासून शेपटीपर्यंत सहसा १० सेंटिमीटरच्या आत, फार तर १२. जागतिक पातळीवरच्या लाल यादीत तो धोक्यात आलेल्या प्रजातींमध्ये आहे.

दुसरा सिग्नल क्रेफिश. तो उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला. १९७० च्या दशकात शेतकऱ्यांना जोडधंदा म्हणून इथे त्याची शेती सुरू झाली. तळ्यांतून तो निघाला, आणि ओल्या रात्री तो जमिनीवरूनही बऱ्यापैकी चालतो, हे नंतर कळलं. आज इंग्लंड-वेल्सच्या बहुतेक मोठ्या नद्यांमध्ये तो आहे. १५ सेंटिमीटरच्या पुढे वाढतो, मादी एका वेळी २०० ते ४०० अंडी पोटाखाली बाळगते. देशी मादीची अंडी शंभराच्या आतच असतात. सिग्नल माशांची अंडी खातो, किड्यांच्या अळ्या खातो, पाणवनस्पती खातो, आपल्याच जातीची पिल्लंही खातो. नदीच्या मातीच्या काठात बिळं पोखरतो. पुरात काठ ढासळतो, गाळ तळावर बसतो, आणि ट्राउटसारख्या माशांना अंडी घालायला जी स्वच्छ खडी लागते ती गाळाखाली जाते.

हे सगळं वाईटच. पण देशी क्रेफिशला संपवणारी खरी गोष्ट डोळ्यांना दिसतही नाही. तिला इथे क्रेफिश प्लेग म्हणतात. ही एक प्रकारची पाणबुरशी. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि क्रेफिशच्या कवचातून आत शिरतात. अमेरिकन क्रेफिश पिढ्यान्‌पिढ्या तिच्यासोबत राहिल्याने अंगावर ती वागवतात आणि धडधाकट फिरतात. युरोपातल्या क्रेफिशना मात्र तिच्याशी लढता येत नाही; एका ओढ्यातले सगळेच्या सगळे काही आठवड्यांत मरतात. युरोपात ही साथ पहिल्यांदा १८५९-६० च्या सुमाराला इटलीत पो नदीच्या खोऱ्यात दिसली, स्वीडनमध्ये १९०७ मध्ये पोचली. ऑगस्टात क्रेफिशच्या पंगती उठवणाऱ्या स्वीडिश लोकांचे देशी क्रेफिश साथीत गेले, म्हणून १९६० च्या आसपास त्यांनी अमेरिकेतून प्लेगला न मरणारा सिग्नल आणला. म्हणजे रोगावरचं औषध म्हणून जो आणला, तोच रोगाची घागर डोक्यावर घेऊन आला. तिथूनच पुढे तो इंग्लंडला आला.

आता माझी दुसरी चूक का मोठी होती ते लक्षात येईल. बीजाणूंना प्रवासाला क्रेफिशच लागतो असं नाही. ओला बूट पुरतो.

पायरी १: पाण्यात हात घालण्याआधी कायदा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण तो आधी वाचा. आपल्याकडे व्हाळातली कुर्ली काढायला कुणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे इथे आपला हात सवयीनेच दगडाखाली जातो.

देशी क्रेफिश १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. परवान्याशिवाय त्याला पकडणं, पाण्यातून बाहेर काढणं गुन्हा आहे. "फक्त बघायला काढला" ही सबब चालत नाही. ज्या ओढ्यात देशी क्रेफिश आहेत तिथे त्यांना शोधायला दगड उलटत फिरण्याचं काम नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेचा परवाना असलेल्या माणसांचं.

सिग्नलचं उलटं. तो एकदा हातात आला की परत सोडणं गुन्हा. ज्या जागी सापडला त्याच जागी सोडला तरी गुन्हाच. जिवंत घरी नेणं, बादलीत पाळणं, विकणं, कुणाला देणं यालाही बंदी आहे. गळाला चुकून लागला तर त्याला माणुसकीने मारून टाकायचं, असा नियम आहे.

आता गंमत बघा. एकाला सोडलंत तर गुन्हा, दुसऱ्याला धरलंत तर गुन्हा, आणि दोघंही चिखलाच्या रंगाचे. दरवर्षी कुणीतरी उत्साही माणूस सिग्नल समजून देशी क्रेफिश ठेचतो. त्यामुळे माझा नियम साधा आहे: ओळखण्याची शंभर टक्के खात्री नसेल तर पकडूच नका. पोराच्या जाळीत आलाच, तर जाळी पाण्यातच ठेवून वरून बघा आणि खालची पायरी लावा.

पायरी २: ओळखायचं कसं

लोक रंगाकडे बघतात, आणि तिथेच फसतात. तरुण सिग्नल तपकिरी असतो, देशीसुद्धा तपकिरी असतो, पाण्याखालून तर दोघंही दगडासारखेच दिसतात. अंगाचा रंग सोडा. नांगीपासून सुरुवात करा.

नांगीची दोन बोटं जिथे एकमेकांना मिळतात, त्या बिजागरीवर वरच्या बाजूने बघा. सिग्नलच्या तिथे पांढरट-फिरोजी रंगाचा एक ठिपका असतो, ब्रशने एकदाच टेकवल्यासारखा. जुन्या काळी रेल्वेचे सिग्नलवाले पांढरा झेंडा दाखवत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. मोठ्या नरात तो चार हातांवरून दिसतो. पिल्लात मात्र पुसट असतो, कधीकधी दिसतच नाही. म्हणून फक्त ठिपक्यावर विसंबू नका.

मग नांगीची खालची बाजू. सिग्नलची लाल असते, उकडलेल्या खेकड्याच्या डेंग्यासारखी. देशीची मळकट पांढरी किंवा फिकट गुलाबी, जुन्या चिनीमातीच्या कपासारखी. नांगी वर उगारून तो तुम्हाला घाबरवायला बघतो, तेव्हा ही बाजू आपोआप दिसते. वरच्या बाजूचा पोतही वेगळा: सिग्नलची नांगी गुळगुळीत आणि अंगाच्या मानाने दांडगी, देशीची खरखरीत.

तिसरी खूण थोडी बारकाईची, पण सगळ्यात भरवशाची. डोकं आणि धड जिथे जुळतं तिथे पाठीवर एक आडवी खाच दिसते. त्या खाचेच्या मागे, खांद्यावर, देशी क्रेफिशला बारीक काट्यांची एक ओळ असते. सिग्नलचा खांदा सपाट. मेलेला असेल किंवा नुसती टाकलेली कात असेल तर तिथून नख फिरवून बघा. देशीच्या कवचावर ते अडखळतं. डोळ्यांच्या मागचे उंचवटेही मोजा. देशीला प्रत्येक डोळ्यामागे एक, सिग्नलला एकामागोमाग दोन.

कात हा शब्द मी मुद्दाम वापरला. क्रेफिश वाढताना जुनं कवच अख्खं टाकतो आणि ते पाण्याच्या कडेला लागतं. त्यावर नांगी, काटे, उंचवटे, सगळं जसंच्या तसं. लहान मुलांना शिकवायला याहून चांगलं काही नाही, आणि हातात धरायला त्यात जिवंत प्राणी नसतो. माझ्याकडे स्वयंपाकघरातल्या खिडकीवर दोन कवचं शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. येणाऱ्या पाहुण्याला आधी ती दाखवते, मग चहा.

इंग्लंडमध्ये आणखीही परदेशी जाती आहेत. लंडनच्या काही तळ्यांत लालभडक, खडबडीत अंगाचा लुइझियानाचा दलदली क्रेफिश आहे. कुठे लांब, निमुळत्या नांग्यांचा तुर्की क्रेफिश आहे. सगळ्या जाती पाठ करायची गरज नाही. वरच्या खुणांनी "हा देशी आहे" असं ठाम म्हणता येत नसेल, तर फोटो काढा आणि पुढच्या पायरीवर जा.

पायरी ३: बघा, फोटो काढा, नोंदवा

क्रेफिश निशाचर. दिवसा दगडाखाली, मुळांखाली, बिळात. उन्हाळ्यात अंधार पडल्यावर उथळ, संथ जागी काठावरूनच टॉर्च मारला तर तळावर चालताना दिसतात. पाण्यात उतरायची गरज नाही. एकट्याने जाऊ नका. शेवाळलेल्या दगडावर पाय घसरायला रात्रीची वेळ फार सोयीची असते.

फोटो काढताना तीन गोष्टी यायला हव्यात: वरून अख्खी पाठ, जमेल तितका जवळून नांगीचा सांधा, आणि मापासाठी शेजारी काहीतरी. माझी एक मैत्रीण पाच पेन्सचं नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात सोडते. मला आधी हसू आलं होतं, आता मीही तेच करते.

मग नोंद. आय-रेकॉर्ड हे अॅप फुकट आहे, तिथे फोटो, तारीख आणि जागा टाकायची. जाणकार माणसं ती तपासतात. जागा लिहिताना "पुलाजवळ" नको, नकाशावरचा ग्रिड क्रमांक द्या. जागेचं एवढं महत्त्व का? सिग्नल नदीच्या खालच्या अंगाला आणि देशी वरच्या अंगाला, मध्ये एखादा बंधारा, अशी परिस्थिती बऱ्याच ठिकाणी आहे. तुमचा फोटो बंधाऱ्याच्या खालचा की वरचा, यावर पुढचं सगळं ठरतं. देशी क्रेफिश सापडला असेल तर त्याची नेमकी जागा फेसबुकवर टाकू नका. कौतुकाने बघायला येणारा प्रत्येक माणूस स्वतःचे बूट घेऊन येतो.

पायरी ४: मेलेले दिसले तर

एखादा मेलेला क्रेफिश म्हणजे काही नाही. उदबिलावाचं (पाणमांजराचं) जेवण असेल, बगळ्याचं असेल. पण एकाच ठिकाणी बरेच मेलेले, किंवा भर दिवसा उघड्यावर चालणारे, पाय ताठ करून काठीवर उभं असल्यासारखे डळमळणारे, शेपूट मारून पळ न काढणारे दिसले, तर ती प्लेगची लक्षणं असू शकतात. विषारी सांडपाणी हेही कारण असू शकतं. पण मग सहसा मासेही मरतात. मासे ठणठणीत आणि क्रेफिशच मेलेले असतील तर प्लेगचा संशय बळावतो.

अशा वेळी एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेच्या चोवीस तास चालणाऱ्या ०८०० ८० ७० ६० या क्रमांकावर लगेच कळवा. जागा, किती दिसले, मासे मेले आहेत का, एवढं सांगा. आणि मग तिथून सरळ घरी. दुसऱ्या कुठल्याही पाण्यावर थांबायचं नाही, कुत्र्याचे पाय धुवायलासुद्धा नाही.

पायरी ५: बूट

आता मुख्य काम. इथे याला "तपासा, धुवा, वाळवा" म्हणतात आणि प्रत्येक बोटीच्या धक्क्यावर त्याची पाटी असते. पाटी सगळे वाचतात. धुणारे थोडे, आणि वाळवणारे त्याहून थोडे.

तपासायचं नदीवरच, निघण्याआधी. बुटाच्या तळव्याच्या खाचा, लेसची भोकं, जाळीच्या गाठी, पॅडल बोर्डचा पट्टा, कायकच्या सीटच्या मागचा कोपरा. चिखल, पानं, गवत तिथेच काठावर झटकून टाका. बोटीत साचलेलं पाणी तिथेच ओता. जिथलं पाणी तिथेच राहायला हवं.

धुणं घरी. मी काय करते ते सांगते. मागच्या अंगणात हिरवळीवर भारतातून आणलेलं लोखंडी घमेलं. त्यात नळाचं गरम पाणी, आणि दुधाला वापरायचा जुना थर्मामीटर. पाणी ४५ अंश सेल्सिअसला असलं पाहिजे आणि वस्तू त्यात १५ मिनिटं बुडून राहिल्या पाहिजेत. थंडीत घमेल्यातलं पाणी पाच मिनिटांत उतरतं, म्हणून मी ५० पासून सुरू करते आणि मध्ये एकदा किटलीतलं घालते. रबरी बुटांना काही होत नाही. नाजूक वॉटरप्रूफ कपड्यांना इतकं गरम सोसत नसेल तर त्यावरची सूचना वाचा आणि वाळवण्यावर भर द्या. घासायला नारळाच्या काथ्याचा ब्रश. प्लास्टिकचा तळव्याच्या खाचांत शिरत नाही, हा माझा अनुभव.

हिरवळीवर का, तर रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात ओतलेलं पाणी इथे बऱ्याच ठिकाणी न गाळता थेट जवळच्या ओढ्यात जातं. ते घमेलं गटारात रिकामं केलं तर सगळी मेहनत वाया. गवतावर ओता. आणि ब्लीच, फिनेल वगैरे नको. ते ओढ्यात गेलं तर प्लेगपेक्षा वेगळं काही करत नाही.

वाळवणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बीजाणूंना कोरडेपणा सोसत नाही. पण कोरडं म्हणजे हाताला कोरडं लागणं नाही. बुटाच्या आतलं अस्तर, नांगराची दोरी, जाळीच्या गाठी, सगळं आतून कोरडं. पूर्ण वाळल्यावर आणखी दोन दिवस तसंच ठेवायचं. इंग्लंडच्या ऑक्टोबरात गॅरेजमध्ये टांगलेले बूट आठवडाभर ओलेच राहतात. थंड, दमट जागी काही परके जीव दोन आठवडेही तगतात. आमच्याकडे आता दोन जोड आहेत. एका जोडीच्या मागे लाल इन्सुलेशन टेप, ते सिग्नल असलेल्या नदीचे. दुसऱ्याला निळी, ते देशीच्या ओढ्याचे. लेकाने त्यांना "शत्रूचे बूट" आणि "मित्राचे बूट" अशी नावं दिली आहेत.

एका दिवशी एकच नदी, हा दुसरा नियम. दोन्हीकडे जायचंच असेल तर आधी देशी असलेली जागा, मग सिग्नलची. कधीही उलट नाही.

कुत्र्याचं काय, हा प्रश्न हटकून येतो. कुत्र्याला ४५ अंशाच्या पाण्यात बुडवू नका. गोड्या पाण्याने धुवा, टॉवेलने खसखसून कोरडं करा आणि त्याच दिवशी दुसऱ्या ओढ्यात सोडू नका.

पायरी ६: सापळा लावायचा मोह आवरा

"इतके आहेत तर पकडून खाऊन टाकू की!" ही आपली सहज प्रतिक्रिया. मलाही तसंच वाटलं होतं. पण सापळ्याचं गणित उलटं आहे.

आमिष लावलेल्या सापळ्यात मोठे, धटिंगण नर शिरतात. लहान क्रेफिश मोठ्यांना घाबरून लांब राहतात, शिवाय जाळीतून निसटतात. यॉर्कशायरमधल्या एका छोट्या ओढ्यावर संशोधकांनी नदीचा तुकडा बांध घालून कोरडा केला, दगड न दगड उचलून हाताने क्रेफिश मोजले, आणि हे तीनदा केलं. सापळ्यात शिरण्याजोगे मोठे क्रेफिश भरले जेमतेम २.३ टक्के. बाकी सगळी चिल्लीपिल्ली. एका चौरस मीटरमध्ये ११० पर्यंत सापडले. आता विचार करा, पिल्लं खाणारे मोठे नर तुम्ही काढून नेलेत तर उरलेल्यांना रान मोकळं. शिवाय नदीवर सापळे लावत फिरणारा माणूस म्हणजे ओले दोर, ओल्या जाळ्या आणि ओले बूट.

तरीही काही ठिकाणी, काही कारणांसाठी परवानगी मिळते. एन्व्हायर्नमेंट एजन्सीची लेखी परवानगी लागते, जमीनमालकाची लागते, सापळ्यावर एजन्सीचा बिल्ला लागतो. सापळ्याचं मापही ठरलेलं आहे: लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३५ सेंटिमीटर, तोंड साडेनऊ सेंटिमीटर, यापेक्षा मोठं नाही. तोंडाचं माप फालतू वाटेल, पण त्याहून मोठ्या तोंडात उदबिलाव शिरतं आणि बाहेर येता न आल्याने बुडून मरतं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे घडीचे सापळे बहुतेक या मापात बसत नाहीत. देशी क्रेफिशच्या इलाख्यात परवानगी मिळण्याची आशा ठेवू नका.

मग देशी क्रेफिश वाचवायचे कसे? तज्ज्ञ मंडळी काही क्रेफिश साथीच्या आवाक्याबाहेरच्या जागी नेऊन ठेवतात: बंद पडलेल्या दगडाच्या खाणीतलं तळं, नदीशी न जोडलेला झरा. अशा जागांना नोहाच्या नौकेवरून नाव दिलं आहे. त्यासाठी पाण्याची तपासणी, परवाने, रोगाची चाचणी, सगळं लागतं. "आमच्या शेजारच्या तळ्यात दोन सोडू" असं भलेपणानेही करू नका. स्थानिक नदी ट्रस्टला दोन शनिवार दिलेत तर त्याचा जास्त उपयोग होतो. झाडं लावायला, काठ बांधायला त्यांना नेहमीच हात कमी पडतात.

स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या मंडळींसाठी

स्कॉटलंडला मूळचा क्रेफिश नाहीच. तिथे दिसेल तो परका. पकडायला, बाळगायला जाऊ नका, फक्त कळवा.

आयर्लंडची गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. तिथे पांढऱ्या नांगीचा क्रेफिश अजून बऱ्याच नद्यांमध्ये होता आणि परदेशी क्रेफिशने पाय रोवलेले नव्हते. तरी २०१५ मध्ये कॅव्हन परगण्यात प्लेग सापडला, २०१७ मध्ये सुअर नदीत. रोगाचं वाहन असलेला क्रेफिश नाही, पण रोग आला. कुणाच्या तरी ओल्या सामानातून आला असावा, याखेरीज दुसरं पटण्यासारखं कारण नाही. डब्लिनहून फेरीने गाडी आणि कायक घेऊन लेक डिस्ट्रिक्टला सुट्टीवर येणाऱ्यांनी पायरी ५ पुन्हा वाचावी, विशेषतः परत जाताना.

मत्स्यालय, आणि घरचं थोडंसं

भारतात मूळचा एकही क्रेफिश नाही. सह्याद्रीच्या ओढ्यांत आपले गोड्या पाण्यातले खेकडे आहेत, कितीतरी असे की जे दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. पण पुण्या-मुंबईच्या मत्स्यालयाच्या दुकानांत निळे, लाल क्रेफिश "छोटा लॉबस्टर" म्हणून विकायला असतात. भाचीने मला व्हिडिओ कॉलवर एक दाखवला होता. टाकीतले सगळे गप्पी त्याने आठवड्यात संपवले, तेव्हा दादा म्हणाला, "सोडून येतो नदीत, सुटेल बिचारा." मी ओरडलेच. उजनीत सकर मासा जाळी फाडतो म्हणून मच्छीमार त्रासलेले आहेत, तो मासाही कुणाच्या तरी काचेच्या टाकीतूनच आला. क्रेफिशमध्ये एक तर असा आहे, संगमरवरी क्रेफिश, ज्याच्या सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय पिल्लं घालतात. जर्मनीत १९९० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारात तो पहिल्यांदा लक्षात आला आणि आज मादागास्करच्या भातखाचरांत पसरला आहे. सोडायला एक पुरतो.

भारतात नको झालेला क्रेफिश दुकानदाराला परत द्या, किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. इंग्लंडमध्ये घरी पाळायला फक्त ऑस्ट्रेलियाचा उष्ण पाण्यातला रेडक्लॉ चालतो. बाकीचे टाकीत ठेवणंच बेकायदा.

आणि हो, खातात का?

खातात. चव कोलंबी आणि शेवंडीच्या मधली, किंचित गोडसर. पण मांस फक्त शेपटीत, आणि तेही चिमूटभर. डेंगे फोडायची मेहनत कुर्लीइतकी आणि हाती येतं त्याच्या पावपट. चार जणांच्या कालवणाला चाळीस-पन्नास तरी लागतील. इंग्लंडमध्ये परवानाधारक पकडणारे ते विकतात. त्यांच्याकडून मारलेले किंवा गोठवलेले घ्या. सुपरमार्केटमध्ये मिठाच्या पाण्यातल्या शेपट्यांचा डबा मिळतो, पण उलटून बघा, बहुतेकदा त्यावर चीन लिहिलेलं असतं. व्हार्फला त्याचा काही उपयोग नाही, पण कोकमाचं आगळ आणि मालवणी मसाला घातला की तेही चालतात. शेपटीच्या पाठीवरून जाणारी काळी शीर आधी काढा, नाहीतर रस्सा कडवट होतो.